दळणे, खलणे की घोटणे? रंगद्रव्याच्या 'मिलिंग'साठी शब्द हवा आहे

नीळ: रंगाच्या कारखान्यातल्या ऑपरेटरांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. मिलमध्ये रंगद्रव्य फिरत असताना कणांच्या पृष्ठभागावर काय घडतंय ते मधूनमधून कसं तपासायचं, हा विषय. हाती आलेल्या मसुद्याचं शीर्षक वाचा: 'दळणप्रक्रियेदरम्यान रंगद्रव्याच्या कणांच्या पृष्ठभागाच्या रसायनाचे संनियंत्रण'. तीन 'च्या' आणि एक 'चे' ओलांडून संनियंत्रणापर्यंत पोचेतो शिफ्ट संपेल. 'दळण', 'पृष्ठभागाचे रसायन' आणि 'संनियंत्रण', तिन्हींना बरे शब्द सुचवा.

बत्ता: दळण आधी काढा. जात्यात कोरडं घालायचं, बारीक काढायचं, एवढाच त्याचा अर्थ. रंगाच्या मिलमध्ये माल ओला असतो, आणि ओल्यासाठी मराठीत क्रियापदांची कमी नाही. चटणी वाटतात, चंदन उगाळतात, औषध खलतात, शाई घोटतात. ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. वाटताना वस्तू चिरडते. उगाळताना अख्खं खोड झिजतं. खलणे आणि घोटणे यांत पूड आधीच हाती असते, ती द्रवाशी एकजीव व्हायची असते.

शाईचंच बघा. दिव्यावर धरलेल्या काजळीचा सुटा कण मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपास. त्याला आणखी बारीक काय करणार? तरी शाई तासन्‌तास घोटत, कारण काजळी पाण्याला धरत नाही, नुसती वर तरंगते. बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटली की प्रत्येक कणाला डिंकाचा लेप बसतो आणि मग ती पाण्यात राहते. घोटण्याने कणाचा आकार बदलत नव्हता, त्याचं अंग बदलत होतं. तुमचा विषय नेमका हाच आहे ना? मग 'घोटणे' घ्या.

हेगमन सात: पेंट लाइनमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून बोलतो. आमच्याकडे कोणी घोटत नाही. 'मिलबेस चढवला', 'दुसरा पास चालू आहे', 'हेगमन किती आला?' हीच भाषा. मिलबेस म्हणजे मिलमध्ये घालायचा रंगद्रव्याचा ओला माल, पास म्हणजे मिलमधून एक फेरी, हेगमन म्हणजे बारीकपणाचा आकडा.

पण बत्ता यांचा मुद्दा पांढऱ्याला तंतोतंत लागू पडतो. टायटॅनियम डायऑक्साइड कारखान्यातून येतो तोच ०.२ ते ०.३ मायक्रॉनचा. बीड मिलने (बारीक मणी भरलेल्या मिलने) तो फोडायचा नसतो, चिकटलेल्या गुठळ्या सोडवायच्या असतात. त्यातून त्याच्या कणावर बहुधा अ‍ॅल्युमिनाचा, सिलिकाचा पातळ थर दिलेला असतो. मिल गरजेपेक्षा जास्त फिरवली तर हा थर झिजतो, खरवडतो. कण तोच राहतो, पण वागणं बदलतं.

एकदा पोळलो आहे. हेगमन गेज म्हणजे उतरती खाच कोरलेली पोलादी पट्टी, खोल टोकाला १०० मायक्रॉन, उथळ टोकाला शून्य. खोल टोकाला रंगाचा थेंब ठेवायचा, पात्याने एका ओढीत खेचायचा आणि उजेडात तिरकी धरून ठिपके कुठे सुरू होतात ते वाचायचं. हेगमनचे आकडे खोल टोकाला ०, उथळ टोकाला ८. त्या बॅचला ७ आला, म्हणजे साधारण १२ मायक्रॉन. सगळे खूश. त्याच पांढऱ्यात निळा टिंट घालून पॅनेलवर फासला, थोडा सुकू दिला आणि बोटाने गोल रगडला, तर रगडलेला गोल आजूबाजूपेक्षा सरळ निळा! म्हणजे निळ्याचे कण परत एकमेकांना चिकटून बसले होते, बोटाने ते सुटले. बारीकपणाच्या परीक्षेत पास, अंगाच्या परीक्षेत नापास. पट्टीला हे दिसतच नाही.

सहाण: हेगमन सात, तुम्ही सांगितलेल्या दोन परीक्षांना रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या भस्मांच्या शास्त्रात, दोन वेगळी नावं आहेत. भस्म अंगठा आणि तर्जनीत चोळलं की बोटांच्या रेषांत शिरलं पाहिजे, ते *रेखापूर्ण*. स्थिर पाण्यावर भुरभुरलं की तरंगलं पाहिजे, ते *वारितर*. पहिली निव्वळ बारीकपणाची. दुसरीला लोक 'हलकेपणाची' म्हणतात, पण लोहभस्म पाण्याहून चांगलंच जड असतं. ते तरंगतं ते पृष्ठताणावर, आणि कण पाण्याने भिजत नाही म्हणून. तीत बारीकपणाइतकाच पृष्ठभागही तपासला जातो.

आणि तिथलाच तिसरा शब्द: *भावना*. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाची भावना देतात, म्हणजे रसात भिजवून सुकेपर्यंत खलायचं, पुन्हा भिजवायचं, पुन्हा खलायचं. पृष्ठभागावर संस्कार करण्याला याहून नेटका शब्द नाही.

नीळ: शब्दावर जीव जडला, पण 'टायटॅनियमला अ‍ॅल्युमिनाची भावना दिलेली असते' हे वाचून पहिल्या पाळीत जो हशा पिकेल तो मलाच ऐकावा लागेल. तिथे 'लेप' ठेवते. सहाण, उगाळण्यावर काही?

सहाण: बाळगुटीचे वेढे! हळकुंडाचे दोन वेढे, मुरडशेंगेचा एक. किती उगाळलं हे वेढ्यांनी मोजतात, वजनाने नाही. कारखान्यातला 'पास' म्हणजे तोच वेढा. पत्रकात 'पास'च लिहा, हे आपलं जाता जाता.

बत्ता: पृष्ठभागावर एवढा भर का, हे पत्रकात एका उदाहरणाने सांगता येईल. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा, पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. तोच चिरून ०.१ मायक्रॉनचे ठोकळे केले तर एकूण ६० चौरस मीटर, म्हणजे साधारण ६४५ चौरस फुटांचा फ्लॅट. वस्तू तेवढीच, साखरेच्या खड्याएवढी. कण जसे सुटत जातील तसा हा सगळा फ्लॅट रंगवायला डिस्पर्संट (कणांवर बसून त्यांना सुटं ठेवणारं द्रव्य) लागतो. सुरुवातीला मोजून घातलेला पुरत नाही, आणि उघडे पडलेले कण पुन्हा एकमेकांना धरतात.

हेगमन सात: म्हणूनच पीएच बघायचा. अ‍ॅल्युमिनाच्या अंगावरचा विद्युतभार पीएच ९ च्या आसपास शून्य होतो, उघड्या टायटॅनियम डायऑक्साइडचा ६ च्या आसपास, सिलिकाचा २-३ ला. लेप जागोजाग झिजला की एकाच टाकीत वेगवेगळ्या स्वभावांचे कण. पीएच सरकतो, दाटपणा बदलतो. लॅबवाले झीटा पोटेन्शियल (कणांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या विद्युतभाराचं माप) काढतात, नमुना धुऊन सुकवून इन्फ्रारेडखाली बघतात. ऑपरेटरच्या हातात पीएच, दाटपणा, तापमान आणि ते रगडणारं बोट.

आता बत्ता यांना थोडा विरोध. दळण अगदीच बाद करू नका. थॅलोसायनिन निळा या रंगद्रव्याचा कच्चा माल मोठ्या स्फटिकांचा असतो. तो कोरडाच बॉल मिलमध्ये फिरवतात, तेव्हा नुसता बारीक होत नाही, स्फटिकाची रचनाच बदलते. अल्फा आणि बीटा ही त्याच्या स्फटिकाची दोन रूपं. बीटातला बराचसा अल्फा होतो, निळा तांबूस छटेकडे जातो. योग्य द्रावकात ठेवला की परत बीटा, हिरवट छटेचा. हे दळणच आहे. दुसरी रीत म्हणजे बारीक मीठ आणि ग्लायकॉल घालून कणकेसारखं तिंबायचं, मग पाण्याने मीठ धुऊन टाकायचं. त्याला मळणेच म्हणावं लागेल.

बत्ता: मान्य. बॉल मिलमध्ये कोरडं दळतात, नीडरमध्ये मळतात, बीड मिलमध्ये घोटतात. एका 'मिलिंग'ला तीन क्रियापदं, आणि तिन्ही घरातली.

जुनी पाटी: संनियंत्रणाबद्दल कोणीच बोललं नाही. देखरेख माणसांवर असते, पाळत संशयितावर. संनियंत्रण फक्त परिपत्रकात असतं. आपण चुलीपाशी काय म्हणतो? 'पाक बघ.' म्हणजे नुसता डोळ्यांनी पाहू नकोस, थेंब घे, दोन बोटांत धर, तार येते का ते सांग, एकतारी की दोनतारी. चालू कामातून नमुना काढून तपासणं याला मराठीत 'बघणे' म्हणतात. मीठ बघतात, नाडी बघतात, पाक बघतात. मग मिलबेस का बघू नये?

नीळ: हे फार कामाचं निघालं. शीर्षक असं करते: 'रंग घोटताना कणाच्या अंगावर काय होते, ते कसे बघावे'. खाली उपशीर्षकात एकदाच 'पृष्ठरसायन', म्हणजे लॅबच्या अहवालात तो शब्द दिसला तर परका वाटू नये. आत लिहिते: 'दर पासनंतर नमुना काढा. पीएच आणि दाटपणा बघा. हेगमन ७ आला तरी रगडून बघा. रगडलेला भाग वेगळा दिसला तर गुठळ्या पुन्हा धरल्या आहेत. मिल आणखी फिरवू नका, लॅबला कळवा.'

हेगमन सात: झकास. फक्त 'गुठळ्या' बदला. पट्टीवर जे दिसतं त्याला आमच्याकडे 'दाणा' म्हणतात. 'अजून दाणा आहे, पास द्या.'

बत्ता: पण रगडल्यावर सुटतं ते पट्टीवर दिसतच नाही, असं तुम्हीच वर म्हणालात. मग त्याला दाणा कसं म्हणणार?

हेगमन सात: हं. पकडलंत. पट्टीवर दिसतो तो दाणा, बोटाने सुटते ती गुठळी. दोन्ही ठेवा.