एकच नियम पुरतो का?

या चर्चेत एकांनी लिहिलंय की कारखान्यात वेगवेगळ्या प्रांतांचे, भाषांचे कामगार असले तरी सगळ्यांना एकच नियम लावला की मॅनेजरचं काम संपलं. मला हे अजिबात पटत नाही.

चाकणच्या पट्ट्यातली एखादी असेंब्ली लाइन घ्या. बीड-लातूरची पोरं, ओडिशा-बिहारचे कामगार, आयटीआय करून आलेल्या मुली, सगळे एका शिफ्टला. सुट्ट्यांची यादी मात्र आपल्याच सणांवरून निघते. पश्चिम ओडिशाची नुआखाई, म्हणजे नव्या धान्याचा सण, येते ऋषिपंचमीला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी. बिहारची छठ कार्तिक शुद्ध षष्ठीला, म्हणजे दिवाळी उरकून लाइन पुन्हा सुरू होते तेव्हा. रजा नाकारली की माणूस न सांगता गावी जातो आणि सुपरवायझर त्याला बेभरवशाचा ठरवतो. वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाचा मोठा सण विचारून घेतला, तर बदली माणसं नीट लावता येतात.

भाषेचं तर थेट जिवाशी नातं आहे. 1948 च्या कारखाने कायद्याने सूचनाफलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायला सांगितलं. पण प्रेस मशीनवर उभा असलेला माणूस त्या बहुसंख्यांतला नसला तर? 'समजलं का?' विचारलं की सगळेच मान हलवतात. त्यालाच मशीन बंद करून दाखवायला सांगावं.

आणि कायम-कंत्राटी या भेदाबद्दल इथे कोणीच का बोलत नाही? काम तेच, पगार वेगळा. जात, प्रांत, भाषा यांच्या बरोबरीने हीही दरी मोजायला हवी.