बूच की बुच? आणि झाडाचा बाटलीशी काय संबंध?

सकाळी फिरायला जातो त्या बागेत झाडांना नव्या पाट्या लावल्यात. एकीवर लिहिलंय ‘बुच’, ऱ्हस्व. आम्ही जन्मभर ‘बुचाचं झाड’ म्हणत आलो, पण नुसतं ‘बुच’ डोळ्याला खुपलं. बायकोचं म्हणणं, बुचड्यात माळायची फुलं म्हणून बुचाची. पटतंय का कुणाला?

दक्षिण कसब्यातून:
पाटी चुकलीच. फूल-फुलाचं, मूल-मुलाचं, तसं बूच-बुचाचं. प्रत्यय लागला की उकार ऱ्हस्व होतो, एरवी दीर्घ. ‘बुचाचं’ ऐकून ऐकून रंगाऱ्यानं मूळ शब्दच आखूड केला असणार. बुचड्याचं मात्र वहिनींना जपून सांगा, कारण हे बूच बाटलीचंच. खोडाची साल बघा: जाड, खरबरीत, उभ्या भेगांची, अंगठ्यानं दाबली तर किंचित दबते. तिची हलक्या प्रतीची बुचं करत. अस्सल बूच भूमध्य समुद्राकडच्या एका ओकच्या सालीचं, आणि त्याचं सगळ्यात जास्त उत्पादन पोर्तुगालात. शब्दही त्यांचाच. पोर्तुगीजात ‘बुचा’ (आताचा उच्चार ‘बुशा’) म्हणजे बोळा, दट्ट्या. गंमत अशी की बाटलीच्या बुचाला ते स्वतः वेगळाच शब्द वापरतात, ‘रोल्या’. आपण त्यांचा बोळा घेतला आणि बाटलीला लावला.

पूर्व भागातून:
आमच्यात तेलुगूत ‘आकाशमल्ले’. शेजारच्या कानडी आक्का ‘आकाशमल्लिगे’ म्हणायच्या, आणि कधी कधी ‘बिरटे मर’. बिरटे म्हणजे बूच, मर म्हणजे झाड! कानडीलाही झाड बघून बूचच आठवलं, आणि तिथं बुचडा कुठून येणार? म्हणजे एकाच घरात दोन नावं, एक वर बघून ठेवलेलं, एक खोडाला हात लावून.
माझी आजी पहाटे, माग सुरू व्हायच्या आत, परातीत सडा वेचून आणायची. फुलाची नळी बोटभर लांब, पांढरी, देठाकडं जराशी हिरवट. त्या नळ्याच एकीत एक अडकवत ती वेणी घालायची. दोरा नाही, सुई नाही. दिवसभर सूत हाताळणारी बाई फुलांना मात्र सूत लावायची नाही. दुपारपर्यंत फुलं माना टाकायची, पण वास परातीला राहायचा.

जुळे सोलापूरमधून:
शास्त्रीय नाव मिलिंग्टोनिया हॉर्टेन्सिस. 1782 मध्ये धाकट्या लिनियसनं, म्हणजे प्रसिद्ध लिनियसच्या मुलानं, हे नाव छापलं. मिलिंग्टन हा सतराव्या शतकातला इंग्रज वैद्य. फुलातले पुंकेसर हा नराचा अवयव, ही कल्पना त्याच्या नावावर सांगतात. हॉर्टेन्सिस म्हणजे बागेतला. झाड मूळचं ब्रह्मदेशाकडचं, पण आपल्याकडं शोभेसाठी इतकं लावलं गेलं की जंगलातलं वाटतच नाही. या प्रजातीत ही एकच जात. पाडळ आणि टेटू याच्याच कुळातले. पानं कडुनिंबासारखी, म्हणून ‘आकाशनिंब’ हेही नाव. कडुनिंबाशी नातं मात्र काही नाही. फुलं संध्याकाळनंतर उमलतात, लांब सोंडेच्या पतंगांसाठी. पावसाळा सरला की बहर.
एक सूचना, विचारली नसली तरी: घराला खेटून लावू नका. सरळ वीस मीटरच्या वर जातं, लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांदी कडकन मोडते. मुळांना फुटवे येतात ते वेगळंच. रोप हवं असेल तर तोच फुटवा काढा.

मूळ प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे आभार. पाटीचं माळ्याला सांगितलं, तो म्हणाला, “झाडाला म्हाईत हाय की ओ.” घरी येऊन पोर्तुगालपासून बिरट्यापर्यंत सगळं बायकोला ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “झालं का? आता तेच बूच जरा तुमच्या तोंडाला लावा.”