जिप्सी अजून चालेल, पण कोणती?
जुन्या फोर-बाय-फोरचे (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या गाड्यांचे) दिवस संपले, या मताशी मी अर्धाच सहमत आहे. मनाली-लेहसाठी मारुती जिप्सी मी आजही निवडेन, पण एमपीएफआय, म्हणजे हवेप्रमाणे पेट्रोल मोजून फवारणाऱ्या इंजिनवाली. वाटेतल्या बारालाचा खिंडीत १६,००० फुटांवर हवा विरळ, त्यामुळे हवेप्रमाणे पेट्रोल कमी न करणारी जुनी कार्बोरेटरवाली काळा धूर सोडत धापा टाकते. स्प्रिंगचा पाटा तुटला तर ट्रकचा कुठलाही मिस्त्री तो बदलून देतो. नव्या गाडीचा सेन्सर रुसला तर तिथे कोण बघणार? टाकी मात्र फक्त ४० लिटरची. वाटेतल्या तांडी गावच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी पाटी वर्षानुवर्षं होती. लिटरला नऊ किलोमीटर धरले तरी ३६०च होतात, तेव्हा पेट्रोलचा जादा कॅन हवाच. एअरबॅग नाहीत, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही. लहान मुलं सोबत असतील तर कृपया नवीच गाडी न्या.