वाळूपेक्षा फरशी बरी

‘लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल) वाळवंटातला, त्याच्या पेटीत तळाला वाळूच हवी’ हे काहींचं म्हणणं पटलं नाही. अफगाणिस्तान-पाकिस्तानात तो राहतो ती जमीन खडकाळ, घट्ट मातीची. नुसत्या भुसभुशीत वाळूची नव्हे. आणि ‘कॅल्शियम सँड’ (कॅल्शियमची विकतची वाळू) तर नकोच. चवीला लागून गेको ती चाटत सुटतात, मग आतड्यात वाळूचा गोळा अडकतो.

इकडे इंग्लंडात, लेस्टर शहरी, माझ्या गेको बाईसाहेबांच्या पेटीत चार वर्षं खडबडीत स्लेटची (पाटीच्या दगडाची) फरशी आहे. दिसते झकास, हीट मॅटची (विजेवर तापणाऱ्या चटईची) ऊब धरते (तापमान आवरायला थर्मोस्टॅट हवाच), नखंही घासली जातात. फक्त फरशीच्या फटींचं कुणी सांगत नाही. तिथे खायला सोडलेले रातकिडे दडायचे आणि रात्री बाईसाहेबांच्या शेपटीला चावायचे. शेवटी ॲक्वेरियमच्या सिलिकॉनने फटी बुजवल्या. ते पुरतं वाळेपर्यंत आठवडाभर बाईसाहेब डब्यात, किचन पेपरवर, फुरंगटून.