सहा वर्षं जुनी पेट्रोल गाडी: सर्व्हिसिंग, टायर, विमा, टोल यांचा खर्च कुठे आटोक्यात येईल?

कोथरूडचा_वाहनचालक
१.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, सहा वर्षं पूर्ण, रीडिंग ५८,६००. वापर वर्षाला साधारण साडेनऊ हजार किमी: रोज शहरात ऑफिस आणि महिन्यातून एकदा कोल्हापूर. वॉरंटी संपलेली आहे. अधिकृत वर्कशॉपने सर्व्हिसचं १४,८०० चं एस्टिमेट दिलंय. त्यात इंजिन ऑइल व फिल्टर, एअर फिल्टर, केबिन फिल्टर, ब्रेक ऑइल, इंजिन फ्लशिंग, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, अलाइनमेंट-बॅलन्सिंग आहे. यातलं काय गाळता येईल? दुसरं म्हणजे डाव्या दाराला पोचा आलाय, डेंटिंग-पेंटिंगचे ४,५०० सांगितलेत. विमा पुढच्या महिन्यात संपतोय, सध्या एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) ३५ टक्के आहे. क्लेम करावा का?

पाना_दहा_बारा
आधी गाडीचं मॅन्युअल काढा आणि त्यातला मेंटेनन्सचा तक्ता एस्टिमेटशेजारी ठेवा. तक्त्यात जे नाही ते जॉब कार्डवरून खोडायला सांगा आणि खोडल्यावरच सही करा. सही झालेल्या कार्डावर पुढे वाद घालण्यात अर्थ नसतो.

फ्लशिंग, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन आणि कोटिंग सरळ काढा. ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनाला फ्लशची गरज नाही. ऑइल कधी वेळेवर बदललंच नसेल तर फ्लशने सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकण्याची भीती, म्हणजे तिथेही नकोच. इंजेक्टरला हात लावायचा तो गाडी आयडलला (जागेवर उभी, इंजिन चालू) थरथरत असेल किंवा मिसिंग करत (मध्येच झटके देत) असेल तरच. एसीच्या वासाचं कारण बहुतेक वेळा केबिन फिल्टर असतो आणि तो घरी दहा मिनिटांत बदलता येतो. ग्लोव्हबॉक्स रिकामा करा, दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबून तो खाली झुकवा, मागच्या झाकणाची क्लिप काढा, फिल्टर सरळ ओढा. ओढताना त्यावरचा बाण कुठे आहे ते पाहून ठेवा, नवा त्याच दिशेने बसवायचा. बहुतेक हॅचबॅकमध्ये रचना अशीच असते.

एअर फिल्टर उन्हात धरून बघा. घड्यांतून उजेड दिसत असेल आणि बदलायचे किलोमीटर झाले नसतील तर झटकून परत बसवा. पाण्याने धुऊ नका, कागद फुगतो.

ब्रेक ऑइल मात्र अजिबात गाळू नका. ते हवेतली ओल शोषतं. खंबाटकीच्या उतारावर सारखा ब्रेक दाबला की डिस्क तापतात, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल दाबलं तरी ब्रेक लागत नाही. दोन वर्षांनी एकदा बदला. कोणत्या ग्रेडचं, डॉट ३ की डॉट ४, ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं.

कोथरूडचा_वाहनचालक
ऑइल बाहेरून आणून ओळखीच्या गॅरेजमध्ये बदललं तर चालेल? आणि कूलंट कमी दिसतंय, त्यात पाणी घालू का?

पाना_दहा_बारा
वॉरंटी नाही म्हणजे खुशाल करा. ग्रेड मात्र मॅन्युअलमधलीच घ्या. ०डब्ल्यू-२० सांगितलं असेल तर "आपल्या उन्हाळ्याला जाडच बरं" म्हणून २०डब्ल्यू-४० ओतायचं नाही. पातळ ऑइलच्या हिशेबाने केलेल्या इंजिनात जाड ऑइल सकाळच्या स्टार्टला वर पोचायला वेळ घेतं, मायलेजही उतरतं. १.२ लिटरच्या इंजिनात बहुधा तीन ते साडेतीन लिटर लागतं, बिलात चार लागले असतील तर उरलेलं मागून घ्या.

गॅरेजमध्ये स्वतः उभे राहा. इंजिन कोमट असताना ऑइल काढायचं आणि थेंब थांबेपर्यंत निथळू द्यायचं. ड्रेन प्लगचा वॉशर नवा हवा. तो जुनाच ठेवून प्लग जोर लावून आवळला की अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचे) आटे जातात, आणि वीस-तीस रुपयांच्या वॉशरपायी चेंबरच्या दुरुस्तीचा खर्च निघतो. फिरवून बसवायचा ऑइल फिल्टर असेल तर त्याच्या रबराला नव्या ऑइलचं बोट लावायचं, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, बस. एक मिनिट इंजिन चालवून बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक पाहा.

कूलंटमध्ये बोअरचं किंवा नळाचं पाणी नको, क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या धरतात. त्याच प्रकारचं तयार कूलंट आणा आणि इंजिन पूर्ण थंड असताना रिझर्व्ह टाकीत वरच्या खुणेपर्यंत भरा. महिन्याभरात पुन्हा उतरलं तर गळती आहे. होज, वॉटर पंप आणि रेडिएटरची टोपी तपासून घ्या.

घाटवाट
टायरबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर हवेच्या दाबाचं स्टिकर असतं. हवा त्याप्रमाणेच ठेवा, पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी टायर थंड असताना. दहा-पंधरा किलोमीटर पळवून पंपावर गेलात तर तापलेल्या हवेचं रीडिंग जास्त दिसतं, पोरगा हवा सोडतो आणि टायर खरं तर कमी हवेवर चालतो. नायट्रोजनला पैसे देऊ नका, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे.

अलाइनमेंटची गरज आहे का ते टायरच सांगतो. तळहात टायरवर आडवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट गेलंय. दोन्ही कडा झिजल्यात तर हवा कमी राहिली, मधला पट्टा झिजलाय तर जास्त. स्टिअरिंग ठरावीक वेगाला थरथरतं का? ते बॅलन्सिंगचं काम, अलाइनमेंटचं नव्हे. दर दहा हजारांना टायर पुढचे-मागचे अदलाबदल करा. खाचांतल्या १.६ मिमीच्या उंचवट्यापर्यंत झीज आली की बदला, गोटा होईपर्यंत थांबू नका. नवा घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दुकानात पडून राहिलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नये.

हप्ता_आणि_हिशेब
पोचासाठी क्लेम करू नका. एनसीबी फक्त ओन डॅमेजच्या (ओडी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यावर मिळतो. समजा तुमचा ओडी हप्ता सवलतीआधी ६,००० आहे. क्लेम केला नाही तर नूतनीकरणाला ४५ टक्के, मग ५० आणि ५०. क्लेम केला तर ०, २०, २५. तीन वर्षांतला फरक २,७०० + १,८०० + १,५०० म्हणजे ६,०००, वर जीएसटी. हातात पडणार ४,५०० मधून एक हजाराची सक्तीची वजावट आणि रंगाच्या सामानावरचा घसारा जाऊन उरलेले. पदरचे देऊन दार करून घ्या.

थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता सरकार ठरवतं, १,००० ते १,५०० सीसीला २०२२ मध्ये तो ३,४१६ ठरला होता. तिथे घासाघीस नाही, फरक पडतो तो ओडीत. तीन-चार कंपन्यांचे दर काढताना आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) सगळीकडे सारखी ठेवा. ती कमी दाखवून हप्ता स्वस्त केलेला असतो आणि गाडी चोरीला गेली की तेवढेच पैसे मिळतात. मुदत टळू देऊ नका, ९० दिवसांच्या पुढे गेलं की साठवलेला एनसीबी जातो. आणि हा एनसीबी तुमचा आहे, गाडीचा नाही. गाडी विकाल तेव्हा तो नव्या गाडीवर लावून घ्या.

घाटवाट
कोल्हापूरचं राहिलं. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार टोलनाके, येऊन-जाऊन आठ, वर्षाला ९६ फेऱ्या. १५ ऑगस्ट २०२५ ला फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला तेव्हा किंमत ३,००० होती, मुदत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष. त्या किमतीने तुम्हाला नाक्यामागे ३१ रुपये पडतात. पास राजमार्गयात्रा अ‍ॅपवरून घ्या. टॅग काचेवर चिकटलेला आणि गाडीच्या नंबरशी जोडलेला हवा, नुसत्या चॅसी नंबरवर असेल तर आधी तो बदलून घ्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर हा पास चालत नाही, तिथे टॅगमधून नेहमीचा टोल कापला जातो. त्यामुळे टॅगमध्ये पैसे ठेवायला विसरू नका.