हिंगण्यातल्या गोदामाचे कॅमेरे आयपीव्ही६ वरून बघायचे आहेत, ५५४ पोर्ट उघडायचं का?

मानेवाडा_रिंगरोड:
हिंगणा एमआयडीसीत गोदाम, फायबरची लाइन. ओएनटी (फायबरचा डबा) ब्रिज मोडवर आहे, पुढे ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त फर्मवेअरचा राउटर, तोच पीपीपीओईने लॉगिन करतो. आयपीव्ही४ चा पत्ता १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅट, बाहेरचा एकच पत्ता कंपनी अनेक ग्राहकांत वाटते. पोर्ट फॉरवर्डिंगचा विषयच संपला. आयपीव्ही६ मात्र मिळतं, मागे /५६ प्रीफिक्सही (पत्त्याचा पुढचा, कंपनीने दिलेला भाग) येतं, पण लाइन तुटून जोडली की ते बदलतं. कॅमेरे ४, इंजेनिक टी३१ चिप, सगळ्यांवर थिंगिनो हे मुक्त फर्मवेअर टाकलेलं. लॅनवर आरटीएसपी (कॅमेऱ्याचा थेट व्हिडिओ मागवायची पद्धत, पोर्ट ५५४) नीट चालतं. मोबाइल डेटावरून कॅमेऱ्याचा आयपीव्ही६ पत्ता पिंग होतो, व्हीएलसीत मात्र चित्र येत नाही. ५५४ उघडायचं का? आणि बदलत्या प्रीफिक्सचं काय करायचं?

तारजोड:
पिंग होतंय यावरून रस्ता मोकळा आहे असं धरू नका, भाऊ. ओपनडब्ल्यूआरटीच्या मूळ नियमांत आयसीएमपीव्ही६ (पिंग याच्यावरच चालतं) आत सोडलेलंच असतं; टीसीपी मात्र वॅनकडून लॅनकडे अडवतात.

आधी कॅमेऱ्यात एसएसएचने जाऊन नेटस्टॅट (कोणतं पोर्ट कुठे ऐकतंय ते दाखवणारी आज्ञा) बघा. ५५४ च्या आधी नुसते कोलन दिसले तर सर्व्हर आयपीव्ही६ वर ऐकतोय. ०.०.०.० दिसलं तर तो फक्त आयपीव्ही४ वर आहे, मग फायरवॉलमध्ये काहीही करा, उपयोग नाही.

पत्त्याचा मागचा ६४ बिटांचा भाग मॅक पत्त्यावरून बनलेला असेल तर प्रीफिक्स बदललं तरी तो बदलत नाही. तसा असेल तर त्याच्या मधोमध एफएफ:एफई दिसेल. ट्रॅफिक रूलमध्ये डेस्टिनेशनला पूर्ण पत्ता न लिहिता दोन कोलन, मग हा मागचा भाग आणि शेवटी /-६४ लिहा. उणे चिन्ह विसरू नका, त्यामुळेच राउटर फक्त शेपूट जुळवतो. प्रोटोकॉल टीसीपी, पोर्ट ५५४.

व्हीएलसीत पत्ता चौकोनी कंसात लिहायचा आणि कंसाबाहेर कोलन ५५४. प्रेफरन्सेसमध्ये इनपुट-कोडेक्सच्या पानावर लाइव्ह५५५ ट्रान्सपोर्टला ‘आरटीपी ओव्हर आरटीएसपी’ निवडा. नाही तर व्हिडिओ वेगळ्या यूडीपी पोर्टांवरून यायला बघतो आणि फायरवॉलवर अडकतो. लॉगिन होतं, पडदा काळाच.

नियम_६४:
तारजोड यांनी सांगितलेलं तंत्र बरोबर आहे. तरी ५५४ उघडू नका.

साध्या आरटीएसपीत चित्र एन्क्रिप्ट होत नाही. टी३१ वर लिनक्सचं कर्नल ३.१०.१४ चालतं, फर्मवेअर मुक्त स्रोताचं असलं तरी कर्नल म्हातारंच, ते थेट जगासमोर ठेवायची वस्तू नव्हे. ‘एवढ्या अफाट पत्त्यांतून माझा कोण शोधणार’ हा युक्तिवादही लंगडा आहे. सरसकट स्कॅन जमत नाही हे खरं, पण पत्ता दुसऱ्या वाटेने फुटतो. २०१६ मध्ये शोडॅन या उपकरणं शोधणाऱ्या सर्च इंजिनने एनटीपी पूलमध्ये (वेळ सांगणाऱ्या सर्व्हरांचा गट) स्वतःचे सर्व्हर घालून, वेळ विचारायला आलेल्या यंत्रांचे आयपीव्ही६ पत्ते टिपले होते. कॅमेरा वेळ विचारणारच.

राउटरवरच वायरगार्ड (एन्क्रिप्टेड बोगदा बांधणारं व्हीपीएन) बसवा. इनपुटला एकच नियम: यूडीपी ५१८२०, फक्त आयपीव्ही६. योग्य किल्ली नसलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही. मोठा फायदा असा की आयपीव्ही६ फक्त बोगद्याबाहेर लागतं. आतून कॅमेऱ्यांशी आयपीव्ही४ वर बोला. म्हणजे नेटस्टॅटची भानगड आणि शेपटाचा नियम, दोन्ही गेले.

अडतं कुठे ते सांगतो. गोदाम आणि घर दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर हँडशेक होईल, पण फोन कॅमेरा घरच्याच लॅनवर शोधेल. गोदामाचं नेटवर्क १९२.१६८.५० करा. फोनच्या अलाउड आयपीजमध्ये (बोगद्यातून जायचे पत्ते) १९२.१६८.५०.०/२४ एवढंच लिहा, सगळं इंटरनेट गोदामातून फिरवायची गरज नाही.

एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये): पीपीपीओईचे १४९२, त्यातून आयपीव्ही६ वरच्या वायरगार्डचे ८० वजा, म्हणजे १४१२. मूळ १४२० तसंच ठेवलं तर एखादं चित्र येऊन व्हिडिओ गोठू शकतो, कारण आयपीव्ही६ मध्ये वाटेतले राउटर पॅकेट तोडत नाहीत. शंका असेल तर दोन्हीकडे १२८० ठेवा.

बदलत्या प्रीफिक्ससाठी डीडीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव), त्यात एएएए म्हणजे आयपीव्ही६ ची नोंद फक्त. वायरगार्ड नाव एकदाच, सुरू होताना सोडवतं, म्हणून पत्ता बदलला की फोनवर बोगदा बंद-चालू करावा लागतो. फोनऐवजी पलीकडे ओपनडब्ल्यूआरटी असेल तर वायरगार्ड वॉचडॉग ही स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (कामांच्या वेळापत्रकात) दर मिनिटाला लावा.

शेवटी कॅमेऱ्यांचं बाहेरचं इंटरनेट पूर्ण बंद करा आणि राउटरलाच एनटीपी सर्व्हर करा. घड्याळ चुकलं तर रेकॉर्डिंग असून नसल्यासारखं.

सोल्डर_सीताबर्डी:
नेटवर्क सोडून थोडं. हे ५ व्होल्टचे वायफाय कॅमेरे असतील तर ५ व्होल्ट लांब नेऊ नका. कॅट५ ची एक जोडी १५ मीटर नेली तर जाऊन-येऊन साधारण अडीच ओहम होतात. इन्फ्रारेड दिवे लागले की अर्धा अँपिअर, म्हणजे सव्वा व्होल्ट तारेतच गेले. लक्षण सोपं: दिवसा ठीक, अंधार पडला की रीबूट. लोक फर्मवेअर बदलत बसतात. तारेतून १२ व्होल्ट न्या, कॅमेऱ्यापाशी बक कन्व्हर्टर (१२ चे ५ व्होल्ट करणारा) लावा. तार पूर्ण तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको. आणि टिनाच्या पत्र्याला चिकटवून लावू नका, मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर गेला की पत्र्याखाली मेमरी कार्ड आधी दगा देतं. वीज जाते तेव्हा ओएनटी आणि राउटरही बॅटरीवर हवेत, नुसते कॅमेरे चालू राहून उपयोग नाही.

मानेवाडा_रिंगरोड:
वायरगार्ड लावलं, मोबाइल डेटावर चारही दिसून राहिले. घरच्या वायफायवर मात्र हँडशेकच नाही.

नियम_६४:
घरच्या लाइनवर आयपीव्ही६ नसणार. राउटरमध्ये वॅनचं आयपीव्ही६ चालू करून बघा, बऱ्याचदा ते नुसतं बंद असतं. लाइनवरच नसेल तर दोन्ही पत्ते असलेला छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) मध्ये घ्या; गोदामाचा राउटर तिकडे स्वतःहून जोडला जाईल, कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारं पॅकेट) दर २५ सेकंदांनी. पण मग सगळा व्हिडिओ व्हीपीएसवरून जाईल. १ एमबीपीएसचा एक प्रवाह २४ तास चालला तर १०.८ जीबी होतात, तेव्हा फोनवर सब-स्ट्रीमच (कमी दर्जाचा हलका प्रवाह) बघा.