शाळेला समुपदेशक हवा की वर्गशिक्षकाला वेळ?

निवृत्त वर्गशिक्षक, राजापूर

परवा या चर्चामंचावर एका सदस्याने दहावीच्या मुलांसाठी झालेल्या ‘तणावमुक्ती’ कार्यशाळेचे छायाचित्रांसह वर्णन केले आणि अखेरीस लिहिले की, ग्रामीण माध्यमिक शाळांतील शिक्षकांना मुलांच्या मनाचे काही कळत नाही, ते फक्त अभ्यासक्रम उरकतात आणि प्रत्येक शाळेत समुपदेशक नेमला की हा प्रश्न सुटेल. ते वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणम येथील एका परीक्षार्थी मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात दिलेला निकाल मीही वाचला आहे. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे त्यात आहेच. परंतु लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्कव्यवस्था ठेवावी आणि सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, हेही त्यातच आहे. त्या सदस्यांनी सोयीचा तेवढा भाग उचलला. राजापूर, लांजा, संगमेश्वरच्या डोंगरभागात आठवी ते दहावी मिळून शंभरांचा पट भरणाऱ्या शाळा किती उरल्या आहेत, हे त्यांनी एकदा फिरून पाहावे.

आता शिक्षकांना काय कळते ते सांगतो. माझ्या वर्गात एका खलाशाचा मुलगा होता. जूनमध्ये शाळा उघडली की तो रोज शेवटची घंटा झाल्यावर मागे राहायचा. फळा पुसायचा, खिडक्यांचे अडसर लावायचा, बाके सरळ करायचा. शिपायाने हाकलले तरी व्हरांड्यात रेंगाळायचा. नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या आणि हाच मुलगा घंटेसरशी दप्तर घेऊन पळू लागला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बाप घरी असतो आणि घरी असला की पितो, हे मला कोणी येऊन सांगितले नव्हते. मुलगा कधी थांबतो आणि कधी पळतो यावरून ते उघड होते. महिन्यातून एकदा येणाऱ्या तज्ज्ञाला हे दिसले असते काय? मी त्याच्यासाठी, आणि त्याच्या नावाने आणखी काही मुलांसाठी, संध्याकाळी सातपर्यंत अभ्यासिका सुरू केली.

आज तसे करायला वर्गशिक्षकाकडे वेळ ठेवलेला नाही. यू-डायसवर शाळेची माहिती भरणे, मुलांचे अपार आयडी म्हणजे ओळखक्रमांक काढणे, मतदारयादी, निवडणूक, आणि वर पटानुसार शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या १५ मार्च २०२४ च्या निर्णयाची टांगती तलवार. स्वतःचे पद राहील की नाही, याची ज्याला खात्री नाही, त्याने मुलांना धीर द्यायचा आहे. समुपदेशक नको असे मी म्हणत नाही. त्याच्या नावाखाली वर्गशिक्षकाला मोडीत काढू नका, एवढेच म्हणतो.

समुपदेशिका, रत्नागिरी

सर, कार्यशाळेबाबत मी आपल्याशी सहमत आहे. दोनशे मुलांना सभागृहात बसवून ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणणे म्हणजे समुपदेशन नव्हे. आम्हालाही अशा कार्यक्रमांना बोलावतात, आणि पाहुण्यांच्या सत्कारानंतर उरलेल्या वीस मिनिटांत जे होते ते होते.

परंतु आपल्या उदाहरणाबाबत एक प्रश्न विचारते. आपण त्या मुलाला ओळखलेत, अभ्यासिका काढलीत, हे मोलाचेच आहे. सात वाजल्यानंतर तो कोठे जात होता? घरीच ना? बापाचे व्यसन, आईला होणारी मारहाण, मुलाच्या मनात साठलेली भीती, यांपैकी कशाला अभ्यासिकेने हात लावला? लक्षण ओळखणे ही अर्धी गोष्ट झाली. पुढचे काम शिकावे लागते आणि ते शिक्षणशास्त्राच्या पदवीत शिकवत नाहीत.

निवृत्त वर्गशिक्षक, राजापूर

मॅडम, सात वाजल्यानंतर तो आजोळी जेवायला जात होता. ती व्यवस्था मुलाच्या मामाशी बोलून मीच लावली होती. पदवीत हे शिकवत नाहीत, हे मात्र खरे.

देवगडची आई

सरांनी मामाशी बोलून व्यवस्था लावली, ते चांगले झाले. आमच्याकडे असेच बोलून काय झाले ते ऐका. माझी मुलगी नववीत असताना तिने एका बाईंपाशी विश्वासाने मन मोकळे केले. गोष्ट काही भयंकर नव्हती. तिला एका मुलाने चिठ्ठी दिली होती आणि ती घाबरली होती. बाईंनी ती शिक्षकखोलीत सांगितली. तिथून ती भावकीत पोहोचली, आणि दुसऱ्या दिवशी मी वाण्याकडे नारळ घ्यायला गेले तर तिथे एका काकूंनी मला विचारले, ‘मुलीला मुंबईला धाडताय असं ऐकलं.’ माझ्या आधी गावाने निर्णय घेतला होता! त्यानंतर ती शाळेत कोणाशी बोललीच नाही. पोटात दुखते म्हणून घरी राहायची, आणि मी ओवा देत राहिले.

गावातल्या शाळेत शिक्षक हा कोणाचा तरी दीर असतो, कोणाची तरी जाऊ असते. मुलांना हे ठाऊक असते. म्हणून मला बाहेरचेच माणूस हवे, मग ते महिन्यातून एकदा येवो.

शिक्षणसेवक, कुडाळ

ताई, आपला राग समजतो, परंतु बाहेरच्या माणसानेही ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि कळवले नाही तर कलम २१ खाली शिक्षा आहे. संस्थाप्रमुखाला ती अधिक आहे. म्हणजे कोणापाशी काय राहील आणि कोणापाशी काय राहणार नाही, हे मुलाला बोलण्याआधी स्पष्ट सांगावे लागते. हे मला कोणी शिकवले नाही, मी स्वतः वाचले.

आणि खरे सांगायचे तर मला अठरा हजार मानधन आहे, मी तीन विषय शिकवतो, विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीचे इतिवृत्त मी लिहितो आणि तक्रारपेटी मीच उघडतो. त्या पेटीत आजवर निघाले काय, तर गोळ्यांचे कागद आणि माझ्यावर केलेली एक कविता. कविता बरी होती.

हर्णैकर

इतके वाचून झाल्यावर मला एवढेच दिसते की प्रत्येकाला मुलांच्या मनात शिरायचे आहे, परंतु ती मुले संध्याकाळी घरी कशी जातात, हे कोणी पाहत नाही. शाळा पाच वाजता सुटते. पूर्वी सव्वापाचला एसटीची गाडी होती, ती ‘प्रवासी कमी’ म्हणून बंद केली. आता वस्तीची गाडी सव्वासातला येते, तीही आली तर. मुलींना पास फुकट दिला आहे. गाडी दिलेली नाही. सव्वादोन तास मुली बिनछपराच्या थांब्यावर उभ्या असतात, पावसाळ्यात दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून. त्या ताणावर कोणत्या समुपदेशकाकडे औषध आहे?

आमच्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी अमळनेरला छात्रालयातल्या मुलांचे आई होऊन राहिले. त्यांच्याकडे समुपदेशनाची पदविका नव्हती. आणि समुपदेशकाच्या खोलीत जाणाऱ्या मुलाला बाकीची मुले काय म्हणतात, ठाऊक आहे? ‘याचं रत्नागिरीचं तिकीट निघालं.’ मनोरुग्णालय तिथे आहे ना.

समुपदेशिका, रत्नागिरी

हा टोमणा मी रोज ऐकते. तो आपण येथे विनोद म्हणून मांडलात, याचे मात्र वाईट वाटले. याच टोमण्यामुळे लोक मुलांना आमच्याकडे आणत नाहीत, आणि आणतात तेव्हा अंगारे-धुपारे करून, वर्ष वाया घालवून आणतात.

साने गुरुजींचे नाव काढलेत, तर पुरते काढा. हजारो मुलांना माया देणाऱ्या त्या माणसाने ११ जून १९५० रोजी स्वतःचे आयुष्य संपवले. इतरांचे दुःख वाहणाऱ्याने आपले दुःख कोणाकडे न्यायचे, याची सोय आपल्या समाजाने तेव्हा ठेवली नव्हती. आपण शिक्षकांनाही तीच सोय नाकारत आहात.

हर्णैकर

गुरुजींच्या मृत्यूचा असा वापर मला पटलेला नाही. त्यांचे दुःख देशाचे होते, ते खोलीत बसून प्रश्नावली भरल्याने गेले नसते. तिकिटाचा उल्लेख मी मुलांच्या तोंडचा केला, माझ्या तोंडचा नव्हे. तरीही आपल्याला लागले असेल तर तो मागे घेतो. गाडीबद्दल आपण काही बोलला नाहीत.

शिक्षणसेवक, कुडाळ

गाडीचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. आमच्याकडे दूरच्या वाडीतल्या मुली गाडी गाठण्यासाठी शेवटच्या तासाला उठून जातात. तो तास गणिताचा आहे. गणिताचे सर चिडतात, मुली मागे पडतात आणि मग पालकसभेत ‘मुलींना गणित जमत नाही’ असे ऐकू येते. वेळापत्रक फिरवा म्हटले, तर तालुक्याहून येणाऱ्या शिक्षकांची गाडी आड येते.

देवगडची आई

आमच्या शाळेने वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणली, तर सकाळची गाडी चुकू लागली. मग मुले दोन किलोमीटर चालत. माझ्या मुलीचे पोट दुखायचे, त्यात या चालण्याचाही भाग असेल. परंतु सगळे खापर एसटीवर फोडून शिक्षकखोलीतल्या गप्पा झाकू नका.

निवृत्त वर्गशिक्षक, राजापूर

अभ्यासिकेला दूरच्या वाड्यांतील मुले कधीच आली नाहीत, कारण सातनंतर त्यांना गाडी नव्हती. गावातली तेवढी आली. हर्णैकरांचे म्हणणे त्यापुरते मान्य करावे लागते, मग त्यांची भाषा कशीही असो. ताईंच्या अनुभवाबद्दल मात्र एवढेच म्हणेन की, एका बाईंच्या तोंडाला कुलूप नव्हते म्हणून सर्व शिक्षकांना चहाडखोर ठरवू नये.

देवगडची आई

सर्व शिक्षकांना ठरवत नाही, सर. मुलीला मात्र सर्व शिक्षक एकाच खोलीत बसलेले दिसतात.

समुपदेशिका, रत्नागिरी

गाडीबद्दल बोलते. मी ज्या शाळेत पंधरवड्यातून एकदा जाते, तेथून परतीची गाडी साडेतीनला आहे. मुलांना मोकळीक मिळते ती पाचनंतर. म्हणजे मी तासातून मुलाला उठवून आणते, सगळा वर्ग बघतो, आणि पुढे तिकिटाचा टोमणा तयारच असतो. बसायला मिळते ती प्रयोगशाळा. बोलता बोलता मूल परीक्षानळ्यांकडे बघत राहते आणि मध्येच शिपाई चुन्याच्या निवळीची बाटली न्यायला येतो. तेव्हा खोली आणि वेळ या दोन गोष्टी माझ्याकडेही नाहीत, हे सरांनी लक्षात घ्यावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मी प्रत्येक वर्गात लिहून येते. पण ज्या घरात एकच मोबाइल आणि तो वडिलांच्या खिशात, तेथे मुलाने तो कधी लावायचा?

आणखी एक. २०२५ च्या दहावीत कोकण मंडळाचा निकाल ९८.८२ टक्के लागला, राज्याचा ९४.१०. दरवर्षी पहिला क्रमांक येतो, म्हणून आमची मुले सुखात आहेत असे संस्थाचालक गृहीत धरतात. माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी बहुतेक जण उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेले असतात. आईवडील मुंबईला, मूल आजीजवळ, आणि फोनवर रोज एकच प्रश्न: अभ्यास झाला का?

हर्णैकर

साडेतीनची गाडी! म्हणजे मुलांना न्यायला गाडी नाही आणि तुम्हाला परतायलाही नाही. हे आधी सांगितले असतेत, तर निम्मा वाद वाचला असता.

आगारप्रमुखांकडे अर्ज करू. साडेपाचची गाडी मागायची, म्हणजे मुलीही जातील आणि पंधरवड्याच्या त्या दिवशी बाईंना पाचपर्यंत थांबता येईल. मसुदा मी लिहितो. त्यात ‘मानसिक स्वास्थ्य’ वगैरे घालणार नाही, प्रवासीसंख्या घालीन, कारण आगाराला तेवढेच कळते. पालकांच्या सह्या मी वाड्यांतून गोळा करतो, पत्र शाळेच्या शिक्क्याचे लागेल, ते कुडाळच्या सरांनी आपल्याकडच्या गाडीसाठी वेगळे द्यावे. खोलीचे मात्र संस्थेकडे तुम्हीच बघा; तिथे माझे कोणी ऐकत नाही.